सप्ताहाआधीची पेज

कार्तिक कृ. ३, शुक्रवार

दुर्बिणीची तपासणी काल झाली. जठराच्या अस्तराला सूज आहे. व्रण नाही, ही कृपा. डॉक्टर वयाने माझ्या धाकट्या विद्यार्थिनींएवढ्या. "आजी, आतून सगळं लालेलाल झालंय. किती दिवस अंगावर काढलंत?" दसऱ्यापासून, म्हटले. असत्य नव्हे, पूर्ण सत्यही नव्हे. नवरात्रातच जळजळ सुरू झाली होती.

तिखट, तळलेले, आंबवलेले, चहा, सर्व वर्ज्य. येथवर मान्य. नंतर म्हणाल्या, "आणि उपाशी राहायचं नाही. उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे."

मार्गशीर्ष शु. नवमीस सप्ताह बसायचा आहे. सात दिवस पोथीचे वाचन. त्या त्या दिवसाचे अध्याय पूर्ण होईपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. पूर्ण व्हायला दुपारचा एक वाजतो. सासूबाईंनी शेवटच्या आजारात पोथी माझ्या हाती दिली, तेव्हा एवढेच बोलल्या : "खंड पडू देऊ नकोस." चौतीस वर्षे पडला नाही. हे पस्तिसावे.

डॉक्टरांना यातले काही बोलले नाही. यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. 

कृ. ५, रवि.

स्वयंपाकघर यांनी ताब्यात घेतले. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात प्रथमच. मंडईतून कोहळा आणला, तो केवढा! "अहो, दोन माणसांना?" "लहान नव्हता. आणि तुला दोन महिने खायचंय." कोहळ्याचा रस सकाळी अर्धी वाटी. चव अशी की काही आहे आणि काही नाही. निर्गुणाची उपासना करावी तसे पिते.

तांदळाची पेज पहिल्या दिवशी खळीसारखी झाली. "पतंगाच्या दिवसांत उपयोगी पडली असती," मी म्हटले. यांनी पातेले उचलून नेले, अर्ध्या तासाने दुसरी आणली. पातळ, वर साजूक तुपाचा थेंब, कणभर सैंधव. ती मात्र घशाखाली उतरताना आत कोणी हात फिरवावा तशी उतरली.

लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली आढळली. यांचे अक्षर. "हात लावू नये. का, असेही विचारू नये."

कृ. ८, बुध.

धने रात्रभर भिजवून गाळलेले पाणी. अकराला साळीच्या लाह्या दुधात. दुपारी मुगाचे कढण, दुधी. चारला मोरावळा. समोरच्या वहिनींनी ज्येष्ठमधाचा काढा सुचवला. डॉक्टरांना फोन करता त्या म्हणाल्या, रक्तदाबाची गोळी चालू आहे तोवर नको. वहिनी किंचित रुसल्या आहेत.

दु. ३ — गॅलरीत ऊन अंगावर घेऊन पडले होते. डोळा लागला की नाही कोण जाणे. माहेरची चूल दिसली. आई निखारे राखेखाली झाकून ठेवीत असे, सकाळी फुंकर घातली की पुन्हा लाल. स्वप्नात ती चूल माझ्यातच होती आणि कोणीतरी मुठीमुठीने वर राख पसरत होते, अगदी सावकाश, नदीवरचे धुके उतरावे तशी. कोण ते दिसले नाही. जाग आली तेव्हा पोटात जळजळ नव्हती. किती दिवसांनी! हलायलाच नको वाटले. खाली रिक्षा, भंगारवाला, शाळा सुटल्याचा गलका, सारे पाण्याखालून ऐकू यावे तसे.

कृ. ११, शनि. एकादशी

लिहायला लाज वाटते. पण स्वतःशी लपवाछपवी करून काय मिळणार?

सप्ताहाची परीक्षा घ्यावी, असे मनाने घेतले. पहाटे स्नान, पूजा. पोथी न उघडता नुसतीच पाटावर मांडी घालून जपाला बसले. एक वाजेपर्यंत काही घ्यायचे नाही, असे ठरवून. यांना सांगितले, एकादशी आहे, आज पेज नको. साडेदहाला निखाऱ्यावरची राख उडाली. अकराला उठवेना. ओकारी झाली. यांनी धरून पलंगावर आणले.

नंतर माझी जपमाळ जागेवर ठेवायला यांनी देव्हाऱ्याचा खण उघडला. वाती, कापूर, गंध, आणि गोळ्यांचे पाकीट. निम्म्याहून अधिक रिकामे.

"हे काय आहे?"

"गुडघ्याच्या."

"कुणी दिल्या?"

"औषधवाल्याने."

"देवाच्या खणात?"

काय सांगणार? पितृपक्षापासून पहाटे एक घेते आहे, मांडी घालून बसता यावे म्हणून. पूजेआधी अन्न घ्यायचे नाही, म्हणून रिकाम्या पोटी. आणि तुळशीच्या तीर्थाबरोबर. तीर्थाबरोबर घेतलेले बाधणार नाही, अशी माझी कुठेतरी समजूत असावी. चाळीस वर्षे मुलींना संस्कृतातून तर्क शिकवला. हा माझा तर्क.

हे पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजत बसले. रागावले असते तर बरे झाले असते.

कृ. १२, रवि.

यांनी डॉक्टरांना फोन लावून माझ्या हाती दिला. "आजी, दुसरं काही औषध चालू आहे का, असं मी तीनदा विचारलं होतं!"

"आपण पोटाच्या डॉक्टर. गुडघ्याचे आपल्याला कसे सांगावे?"

पलीकडे हसू आवरल्याचा आवाज. मग कठोर झाल्या. त्या गोळ्यांनीच अस्तर सोलले जाते, रिकाम्या पोटी तर विशेष, आजपासून बंद. शौचास काळे झाले, उलटीत रक्त दिसले, तर पेज-कोहळा करत बसायचे नाही, तडक दवाखान्यात यायचे. गुडघ्याला शेक, तेल, आणि खुर्ची.

म्हणजे पाटही गेला. उपासही गेला. उरले काय, नुसती अक्षरे?

अमावास्या, बुध.

गुरुजींकडे जाऊन आले. देवळामागच्या खोलीत थंडीने मफलर गुंडाळून बसले होते. म्हणाले, "बाई, आपण संस्कृत शिकवलंत. मला काय विचारता?"

"नियम मला ठाऊक आहे. सवलत कोणाकडून घ्यायची ते ठाऊक नाही."

"खुर्ची चालेल. देवाने गुडघे दिले, खुर्ची सुताराने दिली, दोन्ही त्याचंच." मग थोडे थांबून, "आणि ते उपाशी राहण्याचं म्हणाल, तर पोथीच्या नियमांत हविष्यान्न सांगितलंय. एकच्या आधी काही घेऊ नये असं कुठेय? तो आपल्या घरचा नियम."

घरी येऊन नियमांची पाने पाहिली. खरेच नाही. दूध, भात, तूप. मीठ, तिखट, आंबट वर्ज्य. डॉक्टरांच्या कागदावर जे आहे तेच जवळजवळ. उपासाचा शब्द नाही. तो सासूबाईंचा.

याने मन हलके व्हायला हवे होते. झाले नाही. शास्त्राच्या नियमाचा अपवाद शास्त्रातच सापडतो. आजाऱ्याला, वृद्धाला, प्रवाशाला नियम शिथिल, हे मी किती जणींना समजावले असेल. सासूबाईंच्या नियमाचा अपवाद कोणाला विचारू?

यांना विचारले. "आई वाचायला बसण्याआधी काहीच घेत नसत का हो? दूधसुद्धा?"

यांनी आठवून पाहिले, अगदी प्रामाणिकपणे. "ठाऊक नाही गं. मी आठ दहाची बस पकडायचो."

मार्गशीर्ष शु. ३, शनि.

गोळ्या सुटल्या त्याला सात दिवस. दोन रात्री सलग झोप. गुडघे मात्र बोलतात. संध्याकाळी हे तिळाचे तेल कोमट करून चोळतात, वर्तमानपत्रातल्या बातम्यांना शिव्या देत. शिव्यांचा जोर वाढला की हाताचाही वाढतो.

पेजेला चव आहे हे मला या वयात कळले. तांदूळ बदलला की तीही बदलते. आंबेमोहोराची पेज म्हणजे नुसता वास. त्या वासात पावसाळ्यातली शेते, माझ्या आजोळची, जिथे मी साठ वर्षांत गेले नाही. वाटी दोन्ही हातांत धरून बसते. वाफ चेहऱ्यावर. त्या वेळी नामही आठवत नाही आणि त्याची खंतही वाटत नाही. हे बरे की वाईट?

जेवणाआधी पाच प्राणांना पाच आहुती देतो. आत अग्नी आहे, त्यात हवन करतो, हा भाव. अग्नी विझला तर काय करावे, हे पुष्कळ वाचले आहे. तो यजमानावरच उलटला तर काय करावे, हे वाचल्याचे स्मरत नाही.

शु. ६, मंगळ.

भांडण. मी म्हटले, सात दिवसच तर आहेत, सात दिवस सोसेन. नंतर सहा महिने पेज खाईन. यांनी कोहळा चिरता चिरता म्हटले, "चौतीस वेळा वाचलीस. एव्हाना देवाला पाठ झाली असेल."

मी उठून आत गेले. संध्याकाळपर्यंत बोलले नाही. हेही नाही. जेवताना ताटात कोहळ्याची भाजी, सालीबरोबर गरही बोटभर जाड सोलून काढलेला. फोडी नखाएवढ्या उरल्या होत्या. एवढ्या लहान फोडी पाहून हसू आले; दाबले. "आईने पोथी तुला दिली," हे एकदम म्हणाले, "मला विचारलंही नाही." मला वाटले टोमणा आहे. वर पाहिले तर तोंडावर टोमणा नव्हता.

त्या वेळी पोथीसाठी यांचा कोणी विचारच केला नव्हता. मीसुद्धा. देवळात चपला सांभाळत बाहेर उभे राहणारे हे.

शु. ८, गुरु.

उद्या. देव्हाऱ्यासमोर खुर्ची, पुढे चौरंग, त्यावर पोथी. सोवळे वाळत घातले. फुलवाती केल्या. एवढे निश्चित.

उद्या पहाटे वाटी समोर येईल, तेव्हा घ्यायची की नाही? घेतली तर सासूबाईंचा शब्द मोडतो. न घेतली तर... एकादशीला काय झाले ते ठाऊक आहे. यांचे त्या दिवशीचे तोंडही ठाऊक आहे.

दुपारी पुन्हा ते धुक्याचे स्वप्न नाही पडले. झोपच नाही. उन्हात नुसती पडून राहिले. कबुतरे गजावर. एक गज सोडून एक, जणू कोणी मोजून बसवली आहेत.

शु. ९, शुक्रवार

वाटी मी परत पाठवली. यांनी ती नेली. संकल्प केला, खुर्चीत बसले. प्रारंभी आवाज छान लागला. थंडी, उदबत्ती, खालच्या रस्त्यावर अजून वर्दळ नाही. पहिला अध्याय पाण्यासारखा गेला. दुसऱ्यात, साडेआठाच्या सुमारास, छातीखाली ती ओळखीची धग. वाचत राहिले. तिसऱ्याच्या आठव्या-नवव्या ओवीला शब्द फुटेना. घोटभर पाणी घेतले, उलट भडकले. डोळ्यांत पाणी, अक्षरे तरंगू लागली.

मागून आवाज : "कुठपर्यंत आलीस?"

हे दारात उभे. स्नान झालेले, केस ओले, मुलाच्या मुंजीनंतर ट्रंकेत गेलेला मुकटा नेसलेले. नेसणे अर्थातच वाकडे. कधीपासून उभे होते कोण जाणे.

मी बोट ठेवून ओवी दाखवली.

"ऊठ. पेज गरम आहे."

"अहो, तुम्हाला नाही यायचं ते."

"वाचता येतं मला. साक्षर आहे."

मी उठले. हे खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि माझ्या बोटाखालच्या ओवीपासून सुरुवात केली. मध्ये एका श्वासाएवढेच अंतर पडले असेल. माझ्या श्वासाचा शेवट आणि यांच्या श्वासाचा आरंभ.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टूल घेऊन वाटी हातात धरली. पहिला घोट घेतला. सासूबाईंकडे मनातल्या मनात पाहिले. त्यांचे तोंड दिसेना, मुलाचा आवाज ऐकायला वळल्या असाव्यात, असे उगाच वाटले. धग हळूहळू बसत गेली. यांचे वाचन म्हणजे सरकारी परिपत्रक. ओवी तिसऱ्या चरणात तोडायची आणि चौथ्याला धडकायचे. "ऋषी" चा उच्चार असा की माझ्यातली शिक्षिका दोनदा स्टुलावरून अर्धी उठली. दोन्ही वेळा बसले. भिंतीला डोके टेकले. पेजेची वाफ, तो अडखळता आवाज, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत पायापर्यंत आलेला. कथेतले अरण्य, नदी, शिष्य सगळे त्या आवाजातून ठेचकाळत येत होते, आणि मी चौतीस वर्षांत प्रथमच पुढे काय होणार म्हणून ऐकत होते.

एक वाजून वीस मिनिटांनी आजचे अध्याय पूर्ण झाले. आरती झाली. ओट्याशी गेले तेव्हा लक्षात आले, चहाचे भांडे कोरडे आहे. सहाच्या चहाशिवाय यांचे डोके चढते, हे गल्लीला ठाऊक. कपही कोरडा. डब्यातल्या पोळ्या जशाच्या तशा.

"तुम्ही काही घेतलं नाहीत?"

"नियम आहे ना."

"पण तुम्ही वाचायला बसणार हे कुठे ठरलं होतं?"

यांनी मुकटा सावरला. तो सुटण्याच्या बेतात होता. "तू वाटी परत पाठवलीस तेव्हा भूकच गेली."

मी विचारले, "अहो, खंड पडला का?"

हे बराच वेळ पोथीच्या रुमालाची गाठ मारत राहिले. ती यांना नीट जमली नाही. मी पुढे होऊन मारली नाही. "मला काय विचारतेस," म्हणाले, "मी आज पहिल्यांदाच वाचली." आणि चहाला आधण ठेवले.

उद्या दशमी. सहा दिवस आहेत. संकल्प माझ्या नावाने सोडला आहे.