उतारावर ब्रेक लागत नाही

३ नोव्हेंबर
आले एकदाची ढाणकीला! जनावरांच्या दवाखान्यात पहिलीच नेमणूक, आणि पहिल्याच दिवशी एका म्हशीनं तोंडावर शेपटी हाणून स्वागत केलं. खोली विमलताईंच्या घरी मिळाली आहे. खिडकीतून फुटलेला कापूस दिसतो, अंगणात कडुनिंब. ताई एकट्याच राहतात. गरम भाकर अन् वांग्याची भाजी वाढून, पोटभर चौकशी करून मगच उठू दिलं.
कडुनिंबाखाली त्यांच्या यजमानांची, विठ्ठलरावांची, जुनी पांढरी व्हॅन उभी आहे. ते मागच्या वर्षी गेले, पण गाडी त्याच्याही कित्येक वर्षं आधीपासून बंदच. ताई म्हणाल्या, "उभी राहून सडून राह्यली, तूच वापर ना वं." मला तर आनंदच झाला. माझे बाबा अकोल्यात गॅरेज चालवतात, मी पान्यांशी खेळतच मोठी झाले.

६ नोव्हेंबर
इंजिन सुरू झालं, पण ब्रेक अगदीच मंद. पेडल अर्ध्यापर्यंत रिकामं जातं. ब्रेक ऑइल काढ्यासारखं काळं निघालं, मागचे लायनर काचेसारखे गुळगुळीत. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीत हे व्हायचंच. इथले मेकॅनिक उत्तमसिंग यांच्याकडे नवे लायनर टाकले, ऑइल बदललं, मी पेडल दाबत बसले आणि त्यांनी चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली. बाजारपेठेतून चक्कर मारली. पाय ठेवताच गाडी जागच्या जागी उभी! बाबांना फोन करून फुशारकी मारली.

९ नोव्हेंबर
जंगलाकडच्या तांड्यावर वासरांना लंपीची लस द्यायची होती. तांड्याच्या अलीकडे एक नाला आहे, दोन्हीकडून उतार आणि मधे अरुंद, बिनकठड्याचा पूल. उतार सुरू होताना पूल नीट पाहावा म्हणून थांबले. जरा वेळ उभी होते. पुन्हा निघाले, ब्रेक मारला, तर गाडी थांबेना. पहिल्या गिअरात टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी बांधाला टेकवली. मागे वळवून परत आले. लस तशीच बर्फाच्या डब्यात.

१० नोव्हेंबर
ब्रेकला दाब देणारा मास्टर सिलिंडर बदलला. काही फरक नाही. आता तर गावातसुद्धा थांबत नाही. तांड्यावरून फोन, एक वासरू गेलं. मॅडमले पगार कायचा भेटते, असं विचारत होते. काय सांगू?

१२ नोव्हेंबर
ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची नळी पाहिली, फट नाही. मागच्या चाकांचे ड्रम उघडले, तेल गळत नाही. पुढचे पॅड नवे. जॅकवर चढवून चाक फिरवलं की पेडल टेकताच घट्ट धरतं. रस्त्यावर आणली की घसरत जाते. उत्तमसिंग वैतागले. म्हणाले, "मॅडम, मी आता या गाडीले हातच नाही लावत. जे होतं ते सारं बदलून झालं." मी त्यांच्यावर ओरडले, मग घरी येऊन स्वतःवर. बाबा फोनवर तेच तेच म्हणतात, नळ्यांत हवा राहिली असेल. नाही राहिली! तीनदा काढली.

१३ नोव्हेंबर
बाबांनी फोनवर विचारलं, गाडीत माल किती भरतेस. मी म्हटलं, एक लशीचा डबा.
फोन ठेवून बाहेर गेले. कडुनिंबाखाली व्हॅन मागून बसली होती. जड माल भरल्यासारखे कमानपाटे सरळ झालेले, मागचे टायर दबून पसरलेले. दार सरकवून पाहिलं. आत कोणी नाही.

१४ नोव्हेंबर
जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांमागे उभी राहिले. काट्यावर गाडी चढवून मी खाली उतरले. खिडकीतल्या माणसानं आकडा पाहिला आणि बाहेर न बघताच ओरडला, "मॅडम, मागची माणसं उतरवा ना, ते बसले असताना रिकाम्या गाडीचं वजन कसं घेऊ?"
मी गाडी काट्यावरून खाली काढली. पावतीही घेतली नाही.

१५ नोव्हेंबर
विमलताईंना समोर बसवलं. आधी म्हणत होत्या, जुनी गाडी आहे, होते तसं. मग रडल्या. विठ्ठलराव बाजाराच्या दिवशी तांड्यावरची माणसं ने-आण करत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाजारी परतीला फार जण कोंबले. उतारावर ब्रेक लागला नाही. विठ्ठलरावांनी उडी मारली, बाकी सगळे गाडीसकट नाल्यात गेले, कोणी वाचलं नाही. गाडी काढून आणली, ठोकून रंगवली, पण पुन्हा चालवली नाही. तांड्यावर तोंड दाखवलं नाही.
"त्यायले घरी जायचं होतं वं," ताई म्हणाल्या.
तुम्ही मला हे का नाही सांगितलं, असं विचारलं. त्या उठून चुलीपाशी गेल्या. तांड्यावर आणखी दोन वासरं आजारी आहेत. दुसरी गाडी मिळत नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळ
पहिल्या गिअरात, हँडब्रेक धरून, उतार उतरले. पूल ओलांडला. मागे कुणी बोलत नव्हतं, पण आरशात बघायचं धाडस झालं नाही. तांड्यावर थांबून दार उघडलं. गाडी हळूहळू वर उठली. एकेक हिसका देत. पार मोकळी होईपर्यंत.
लालीबाई नावाची म्हातारी झोपडीच्या दारात होती. तिचा मुलगा त्या गाडीत होता, असं नंतर कळलं. ती माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत उठली. म्हणाली, "आला माझा?" आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.
सगळ्या वासरांना लस दिली. रडूही आलं. बरं वाटलं म्हणून.

१७, दुपार
परतीचा उतार. शेळ्या आडव्या आल्या म्हणून ब्रेक मारला. गाडी जागीच थांबली. मी हसले, मोठ्यानं.
शेळ्यांमागच्या बाईनं विचारलं, ढाणकीला चाललात का. आज बाजार आहे म्हणाली. ती गेली.
मग दार आपोआप सरकलं —
मागचा भाग खाली बसला. पुन्हा. पुन्हा —
पाय ब्रेकच्या पेडलवर आहे. काढता येत नाही. हँडब्रेक ओढला आहे, गिअर आहे, तरी चाकं खडीवर घसरतात. माझं दार उघडत नाही. फोनला रेंज नाही. स्टिअरिंगवर वही ठेवून लिहिते आहे, कोणाला तरी कळावं —
अजून चढताहेत. शेजारच्या सीटवरही. गाडी किती —
पूल दिसतो. पेडल खाली जातंय, मी पाय नाही हलवला, मी नाही —
कोणी तरी मानेशी वाकून सांगतंय, चला ना मॅडम, बाजाराले उशीर हो