मधोमध डाग

२ जानेवारी
संकल्प: पक्षी बघायचे. गंभीरपणे. मी चाळीस वर्षं ट्रक हाकला आणि तेवढी वर्षं व्हर्ना गळ्यात दुर्बीण अडकवून लेक ईरी सरोवराच्या काठाने एकटीच हिंडली. आता मी घरीच. मे महिन्यात दक्षिणेतून वॉर्बलर, ते चिमुकले गाणारे पक्षी, येतील तेव्हा दोघांनी पॉइंट पेलीच्या अभयारण्यात जायचं, आणि तिच्याआधी मी पक्षी दाखवायचा. बायकोचं एवढं देणं लागतोच मी. तिला सांगितलं, तर म्हणाली, अरे रॉस, तुला कोंबडी आणि बदक यातला फरक तरी कळतो का? खूश झाली की ती असंच बोलते.

५ जानेवारी
दुर्बीण घेतली. जपानी. दुपारी खिडकीतून अंगणात पक्ष्यांसाठी दाणे ठेवलेल्या फीडरकडे बघितलं. काचेच्या बरोबर मधोमध डाग. शर्टाने पुसला. व्हर्नाच्या चष्म्याच्या फडक्याने पुसला. डाग ढिम्म.

९ जानेवारी
दुर्बीण बदलायला गेलो. दुकानदार म्हणाला, साहेब, काच तर चकाचक आहे. याला म्हणतात धंदा. बदलून देईना, म्हणून वर एक जर्मन घेतली.

१० जानेवारी
जर्मन दुर्बिणीतही डाग. त्याच जागी. कंपन्यांचं संगनमत असणार.

२१ जानेवारी
स्वतंत्र निरीक्षण: आमच्याकडचे पक्षी कमालीचे बुजरे आहेत. डोळ्याच्या कोपऱ्यातून फांदीवर लाल काहीतरी दिसतं. थेट बघितलं की गायब. व्हर्ना म्हणते, गायब कसला, कार्डिनल बसलाय की तिथेच, दाणे खातोय मेला. मी म्हटलं, हो हो, काय देखणा आहे.
यावर व्हर्नाच्या पक्षी-क्लबच्या मासिकात लेख लिहावा का?

३ फेब्रुवारी
चर्चच्या तळघरातल्या विक्रीत नौदलाची जुनी दुर्बीण मिळाली. वजनाला विटेसारखी. तीतही डाग, पण जुन्या वस्तूला एवढं चालायचंच. आता याला संग्रह म्हणायला हरकत नाही. व्हर्नाने विचारलं, एका माणसाला डोळे किती असतात? संग्राहकाला असले प्रश्न विचारत नाहीत.

१५ फेब्रुवारी
क्लबची सहल. सगळ्या गाड्या मी थांबवल्या. शेतात बर्फावर पांढरं घुबड! उत्तरेकडचं, दुर्मीळ. सगळे खाली उतरले, दुर्बिणी लावल्या. मग एकेकाने दुर्बीण खाली घेतली. शेवटी क्लबचा अध्यक्ष लायल म्हणाला, रॉस, घुबडाच्या पोटावर ‘पंचवीस किलो’ छापलेलं असतं हे मला नवीनच कळलं रे.
खताचं पोतं होतं. चूक कोणाचीही होऊ शकते. लायल चहाच्या वेळी परत म्हणाला, पोतं नर होतं की मादी? व्हर्ना हसली. सगळ्यांत जास्त तीच हसली.

६ मार्च
समोरच्यांची रस्त्याकडेची टपालपेटी माझ्या गाडीखाली आली. नगरपालिकेने रस्ता अरुंद केलाय, पत्र लिहून जाब विचारणार.
घरी आल्यावर व्हर्ना म्हणाली, डोळे तपासून घे. म्हटलं, दोष रस्त्याचा आणि तपासायचे माझे डोळे? ट्रकवाल्याचे डोळे आहेत हे. ती म्हणाली, होते.

१९ एप्रिल
युक्ती सापडली. व्हर्ना जिकडे बघेल तिकडे दुर्बीण वळवायची. ती ‘अहाहा’ म्हणाली की जरा थांबून आपणही ‘अहाहा’ म्हणायचं. आज सबंध सकाळ निभावलं. परतताना तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, एवढी वर्षं वाटायचं, हे सगळं दाखवायला शेजारी कोणीतरी हवं.
काम फत्ते. पण रात्री जेवण गेलं नाही. तळलेल्या माशाला तेल फार होतं.

११ मे
पॉइंट पेली. झाडं पक्ष्यांनी लगडलेली, असं सगळे म्हणत होते. गर्दी. मी व्हर्नाच्या मागोमाग अहाहा करत होतो. मग एका झाडापाशी ती म्हणाली, रॉस, ते बघ, केशरी गळ्याचा, अगदी समोर. मी म्हटलं, अहाहा, काय गळा आहे!
ती माझ्याकडे वळली. म्हणाली, फांदी रिकामी आहे.
मग गाडीची किल्ली मागितली. मी दिली. घरापर्यंत तीच चालवत आली. रेडिओसुद्धा लावला नाही.

१५ मे
डोळ्यांची डॉक्टरीण. वयाने फारच लहान, अनुभव काय असणार? चौकटींचा कागद समोर धरला आणि विचारलं, मधल्या रेघा दिसतात का? म्हटलं, तुमच्या कागदावर डाग पडलाय.
निकाल: दोन्ही डोळ्यांचं मधलं गेलं. परत येणार नाही. कडा राहतील. गाडी बंद. माणसांचे चेहरे ओळखू येतात का, असंही विचारलं. व्हर्ना शेजारी बसली होती. म्हटलं, येतात की, बायकोचा तर अगदी स्वच्छ दिसतो. व्हर्नाने माझा गुडघा दाबला.

१८ मे
संग्रह क्लबला देऊन टाकला. लायल स्वतः न्यायला आला. पोत्यावरून एक शब्दही काढला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

२० मे, सकाळ
नाश्ता. व्हर्ना समोर. थेट बघितलं की तिच्या चेहऱ्याच्या जागी डाग. नजर जरा बाजूला, कानाकडे नेली की थोडी सापडते. गालाची कड, पांढरे केस. तसाच बघत बसलो. ती म्हणाली, रॉस, माझ्याकडे बघून बोल ना, कानाकडे काय बघतोस?
म्हटलं, कानातले छान दिसतात.
तिने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, आज कानात काही घातलेलंच नाहीये.