मुखवट्यांची चांदी

मी, यशोदाबाई सदाशिवराव कोत्तावार, माहेरची एल्डा मोरेत्ती, जन्म इटलीतील तुरीन शहरी, वय एकोणनव्वद, मुक्काम सिंदी मेघे, वर्धा, हा कागद स्वतः सांगून लिहवून घेत आहे. डोळे अधू आहेत, डोके शाबूत आहे. पुतण्या भूपेंद्र गावभर उलटे सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. मी कोण हे आधी नोंदवते, कारण या घरात ते कुणी विचारले नाही. चौदाव्या वर्षी तुरीनला मूकपटात उभी राहिले. तिथे नऊ चित्रपट केले, त्यांत पाच वेळा विष पिऊन मेले. १९२४ साली करारावर कलकत्त्याला आले आणि अंगाला तपकिरी रंग फासून चार पौराणिक चित्रपटांत देवी झाले. लोक पडद्यापुढे नारळ फोडत. मग बोलपट आले. मला हिंदीची चार वाक्ये येत होती, तीही टांगेवाल्याशी भांडायची. कंपनीने घरी बसवले.

२. हिंगणघाटचे कापूस व्यापारी सदाशिवराव माझा एकच चित्रपट अकरा वेळा पाहून भेटायला आले. १९३२ साली लग्न झाले. माणूस चांगला, पण भावापुढे तोंड उघडत नसे. १९४० साली त्याच भावाने, रूपरावांनी, घरात शत्रूच्या देशाची बाई आहे अशी पोलिसांत वर्दी दिली. दोन दिवस मी चौकीवर बसून होते. रूपराव वारले. मी त्यांना माफ केलेले नाही.

३. रूपरावांच्या पत्नी, माझ्या जाऊ विमलाबाई, यांनी साठ वर्षे मला महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना हात लावू दिला नाही. "तू दूरच राह्यजो, विटाळ होते." मी परसात बसून पंगतीची भांडी घासली.

४. कंपनी बुडाली तेव्हा माझ्या चार चित्रपटांची रिळे यजमानांनी विकत घेतली. ती माझ्या पलंगाखाली पत्र्याच्या डब्यांत होती. १९९२ साली मी मोतीबिंदूसाठी दवाखान्यात असताना भूपेंद्रने ती नागपुरात चांदी काढणाऱ्याला दिली. जुन्या फिल्मवर चांदी असते, ती धुऊन काढतात. विचारले तर म्हणाला, "काकू, वास मारून राह्यलं होतं ते. कोन पाह्यते आता?" त्याच चांदीचे त्याने महालक्ष्म्यांचे नवे मुखवटे घडवले आणि नवस फेडला म्हणून मिरवला. सराफाची पावती जोडली आहे. तीवर 'जुन्या फिल्मची चांदी' असे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे दोन वर्षे हे खानदान माझ्याच तोंडापुढे लोटांगण घालते आहे, आणि मी परसातच आहे. इटलीत माझा एकही चित्रपट उरलेला नाही. जगात माझा चेहरा होता तो एवढाच.

५. राहते घर माझ्या नावावर आहे. भूपेंद्रने आईच्या देखत एवढेच म्हणावे, की ही चांदी काकूच्या चित्रपटांची आहे. म्हटले तर घर त्याचे. न म्हटले तर अल्लीपूरच्या मोहिनी तानबा ढगे हिचे. सहा वर्षे माझे औषधपाणी तिने केले आहे.

६. आज त्याला बोलावले. तो साक्षीला मित्र घेऊन आला. हा कागद लिहिणाऱ्या प्रभाकररावांनी पावती मोठ्याने वाचली. विमलाबाई म्हणाल्या, "भूपेंद्र, काऊन बोलत नाई? खरं हाय का हे?" तो म्हणाला, "काकूनं नाटक लावलं. घर तं मलेच भेटते." विमलाबाईंनी पुन्हा विचारले. त्याने चपला घातल्या आणि मित्राला घेऊन निघून गेला. सबब घर मोहिनीचे.

साक्षीदाराची एक जागा रिकामी राहिली. विमलाबाईंनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "आन तो कागद. अंगठा मी देतो." मी म्हटले, तुमच्या लेकाचे घर जाते आहे. म्हणाल्या, "जाऊ दे. मुखवटे आनून देऊ का तुले?"

७. मुखवटे मला नकोत. ते विमलाबाईंकडेच राहावेत. पुढच्या भाद्रपदात ते मी माझ्या हाताने बसवावेत, असे त्या म्हणतात. तोवर मी मेले, तर त्यांनी माझी दोन्ही नावे घेऊन बसवावेत. साठ वर्षांची माफी यात धरू नये.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे.

सही: एल्डा मोरेत्ती, यशोदाबाई कोत्तावार

साक्षीदार:
१. प्रभाकरराव झाडे, निवृत्त पोस्टमास्तर (लिहिणार)
२. विमलाबाई रूपराव कोत्तावार, डाव्या हाताचा अंगठा

सिंदी मेघे, २२ सप्टेंबर १९९४