दाराला सांगितलेली खोटी तारीख

४ जानेवारी २०३८

ताई, गुडघे कसे आहेत? रुफीनोभाऊजींचा खोकला हटला का? म्हातारी कुत्री अजून पायरीवर ऊन खात लोळते ना? ही रोजनिशी महिनाअखेर तुलाच पाठवणार, म्हणून आधी सगळ्यांची विचारपूस.

पासो देल साउसेच्या धरणावर रुजू झालो. जागा झकास. खिडकीतून नदी दिसते. दुष्काळाने चाटूनपुसून ठेवलेल्या ताटासारखी. पाण्याची दारं चालवणारा प्रोग्राम जुनाट आहे. लिहिणारा वारला, मूळ मजकूर हरवला. यंत्र सेकंद मोजत असतं, आणि तो आकडा ठेवायचं या प्रोग्रामचं भांडं एकोणीस तारखेला काठोकाठ भरणार. मग त्याला वाटेल, १९०१ साल उजाडलं. नव्या प्रणालीत मोठं भांडं आहे, पण ते मागायची रीत नवी. जुन्यांचं काही मोडू नये म्हणून जुनी रीतही तशीच ठेवली आहे, आणि आमचं म्हातारं तीच धरून बसलंय.

चालतंय त्याला हात लावायचा नाही, हा इथला धर्म, असं धरणाचे प्रमुख किंतानासाहेब म्हणाले. दारांची मेकॅनिक नेलिदा हिने येर्बा नावाच्या पानांचा कडू काढा पुढे केला आणि बजावलं, काका, साखर मागितलीत तर नदीत ढकलेन.

११ जानेवारी

तोड काढली. प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवला. वेळ विचारली की तो अठ्ठावीस वर्षं वजा करून सांगतो. अठ्ठावीसच, कारण तेवढ्याने वारही जुळतात. प्रोग्राम सुखात २०१० सालात नांदतोय. साहेब हसले. म्हणाले, म्हाताऱ्याला खोटं सांगितलं तर बिघडतं काय? मी घरी रोज सांगतो.

१४ जानेवारी

दारांखालच्या भुयारात उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खुंटीवर अडकवायचा, अशी रीत. खुंटी बिल्ला ओळखून प्रोग्रामला कळवते, आणि तो असेतो दार हलत नाही. आज माझा बिल्ला अडकवलेला असताना दार वीतभर उचललं गेलं. मी पायरीवरच होतो, म्हणून वाचलो. मग उमगलं. त्याच्या २०१० सालात माझा बिल्ला घडवलेलाच नाही. खुंटी त्याला रिकामी दिसते. नेलिदाचाही बिल्ला नंतरचाच, आणि वंगण घालायला दर शुक्रवारी तीच उतरते.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, प्रोग्राम मोडला का? नाही ना? मग झालं.

जुना प्रोग्राम मोडू नये म्हणून इथे केवढी काळजी. माणूस मोडला तर त्याच्या जागेची जाहिरात देतात.

१५ जानेवारी

नेलिदाला शपथ घालून वर थांबवलं. मध्यस्थ काढून टाकला. यंत्र आता खरी तारीख सांगतंय, तरी प्रोग्राम २०१०च दाखवतो. खोटं मागे घेता येत नाही, ताई.

वीज तोडावी तर दारं आपोआप उघडतात. बांधणीच तशी.

१८ जानेवारी

खुंटीवर एक बिल्ला आला आहे. ओला. नेलिदाने तो उलटून पाहिला आणि खालीच बसली. एर्मोहेनेस. तिचे वडील. त्याच, २०१०च्या जानेवारीत ते बिल्ला अडकवायला विसरले आणि भुयारात बुडाले. बावीस तारखेला.

आता दार मुळीच हलत नाही. त्या बिल्ल्याला ओळखतं.

२० जानेवारी

भांडं भरायची तारीख उलटली. प्रोग्राम मजेत.

नदी चढते आहे. पाऊस कुठेच नाही.

नेलिदा म्हणते, खालून बाबा वंगणाचा डबा मागतात. रागावतात सुद्धा, पोरी, किती वेळ. मी म्हटलं, बाई, तो आवाज दगडाचा. ती म्हणाली, काका, दगड मला पोरी म्हणतो?

२१ जानेवारी

फाटकाने मला अडवलं. या नावाचा कोणी कामावर नाही म्हणे. पहारेकऱ्याने हसून आत सोडलं — त्याचे केस काल पांढरे होते —

२२ जानेवारी

पाणी काठाला. साहेबांनी नेलिदाला खाली पाठवलं. शुक्रवार आहे, चालतंय ना सगळं, म्हणाले.

तिचा बिल्ला खुंटीवर आहे. त्याला कोण विचारतो.

ओला बिल्ला — नाही. जमिनीवरही नाही. त्या दिवशीही तिचे वडील विसरलेच होते —

दाराची साखळी ताणते आहे. वही पायरीवर ठेवतो, उतरतो. हाक मारतोय, ती ओ देते, आणि तिच्या मागून आणखी कोणी —

ताई, लवकर उत्तर लिही. तारीख आपल्या हाताने घाल, साल सुद्धा, म्हणजे मला कळेल, मी कुठल्या —