सोमवारचा फोन

बीड,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्यारी बहीण तरन्नुम,

अस्सलाम आलेकुम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. अम्मीचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. जेवायला उशीर केला म्हणून काल तिने गॅरेजवर येऊन मला चार गिऱ्हाइकांसमोर झापलं. आमचे दाजी रईसभाई यांच्या फळांच्या गाड्यावर यंदा सीताफळं चांगली आलीत असं कानावर आलं. दर वर्षी आमच्याकडे येणारी पेटी कुठे अडकली ते जरा विचार त्यांना.

हातात मोबाइल असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. खरं सांगू? या चार दिवसांत मी तुला तीनदा फोन केला आणि तीनदा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तुझ्या आधी तुझी पोरं वाचतील. म्हणून हे पाकीट गहिनीनाथांच्या हाती देतोय. ते तुमच्या शिरूरचेच, आणि दुसऱ्याचं पाकीट फोडणाऱ्यांतले नाहीत.

आधी त्यांचाच किस्सा सांगतो. ऊस तोडायचं मोठं मशीन त्यांनी गेल्या वर्षी घेतलं, आणि त्याचा मिस्त्री मी. मागच्या आठवड्यात चकलांब्याच्या शिवारात ते धूड बंद पडलं. कंपनीने मोबाइलवर व्हिडिओ लावून एक इंजिनिअर जोडून दिला. ब्राझील देशातला, मार्सेलो नावाचा. आपली दुपार टळलेली आणि त्याची सकाळ, हातात चहाचा की कसला तरी कप.

तो इंग्रजीत विचारायचा आणि मी "येस, येस" म्हणायचो. माझी ही खोड तुला माहीत आहे. समोरचा इंग्रजी बोलू लागला की आपली मान आधी हलते. भाषांतर करणारं ते मोबाइलमधलं यंत्रही लावून पाहिलं, पण मशीनच्या घरघरीत ते भलतंच काहीतरी बडबडायला लागलं. पाइप सोडायच्या आधी तेलाचा दाब उतरवलास का, असं त्याने विचारलं होतं. मी म्हणालो, येस. आणि नट सैल करताच गरम तेलाची चिळकांडी गहिनीनाथांच्या कानाजवळून गेली. सदरा गेला, कान वाचला.

"कलीमभाई, त्यो काय म्हन्तो ते तुमाला कळतंय का न्हाई?" गहिनीनाथ ओरडले. "न्हाई कळत तर न्हाई म्हना की! येस येस कावून करायलाव?"

ड्रायव्हर बघतोय, बांधावर चार रिकामटेकडे बघतायत. मी मोबाइलकडे तोंड केलं आणि म्हणालो, "नो. नो अंडरस्टँड. स्लो." शरमेने कान तापले होते. मार्सेलो हसला. आता हा मला हसतोय असं वाटलं, तर त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी टू. माय इंग्लिश व्हेरी बॅड."

मग त्याने कागद घेतला, पाइप काढला, बाण काढले. एक शब्द तो बोलायचा, एक मी. त्याच्या घरात पोर्तुगीज, माझ्या घरात दख्खनी. दोघांपैकी कुणाचीच नसलेली भाषा घेऊन आम्ही दोन तास काढले आणि मशीन सुरू केलं. आपल्या गॅरेजात तो मोठा पाना आहे बघ, कुणी आणून ठेवला ते कुणालाच आठवत नाही आणि अख्खी गल्ली वापरते. इंग्रजीचं तसंच आहे की! आणि मी आयुष्यभर समजत होतो, ती साहेबलोकांची मालमत्ता, आपण हात लावला तर चोरी.

त्यानंतर डीलरकडच्या विठ्ठलरावांनी मला बोलावून घेतलं. अशी मशीनं आता जिल्ह्यात वाढत चाललीत. आमच्यासारखे मिस्त्री आणि तिकडचे इंजिनिअर यांच्यामध्ये बोलणारं माणूस त्यांना पाहिजे. घरी बसून, मोबाइलवर. इंग्रजी, मराठी, दख्खनी तिन्ही येणारं. मी लगेच तुझं नाव घेतलं आणि शुक्रवारी तुला कळवलं.

तू काय म्हणालीस? "भाईजान, मेरी इंग्लिश कच्ची है. औरंगाबादवाले तबीच बता दिये थे ना."

आणि हसलीस. अठरा वर्षांनंतरही तुला ते आठवतं, आणि तू हसतेस. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

तरन्नुम, आता जे लिहितोय ते बसून वाच.

२००७ चा जून. परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या औरंगाबादच्या त्या ऑफिसात तू मुलाखत देऊन आलीस. अब्बा स्वतः तुला एसटीने घेऊन गेले होते. परत येताना तुझ्यासाठी निळी बॅगसुद्धा घेऊन आले. "मेरी बेटी अब दुनिया से बात करेंगी," असं पंक्चरवाल्यापासून मौलवीसाहेबांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. घरी फोन नव्हता, म्हणून तू गॅरेजचा नंबर दिला होतास. रोज संध्याकाळी विचारायचीस, फोन आला का? मी म्हणायचो, नाही.

फोन आला होता.

एक बाई बोलत होत्या, सगळं इंग्रजीत. तरन्नुम सिलेक्टेड. मंडे. टेन ओ'क्लॉक. आणि मला सगळं कळलं. दहावीत इंग्रजीत दोनदा गचकलेल्या तुझ्या भावाला एकूण एक शब्द कळला. मी म्हणालो, "तरन्नुम नो कम. मॅरेज." आणि फोन ठेवला. तुझ्या लग्नाचं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

का केलं? लोक काय म्हणतील, मुलगी एकटी शहरात कशी राहील, असलं काही सांगून सुटता आलं असतं. पण अब्बांनाच भीती नव्हती, तर मला कसली? मला जळफळाट झाला होता. मी बारा वर्षांचा असल्यापासून अब्बांबरोबर ग्रीसमध्ये हात घालत होतो. माझ्याबद्दल त्यांनी पंक्चरवाल्याला कधी काही सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तू म्हणालीस, "भाईजान, फोन आला असेल आणि तुला कळला नसेल." मी इतका भडकलो की दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तूच शीरखुर्मा घेऊन आलीस आणि माझी माफी मागितलीस. मी तो खाल्ला, तरन्नुम. वाटी चाटून खाल्ली.

अब्बा गेले तेही तुला नापास समजूनच गेले. त्याची भरपाई माझ्याकडे नाही. तुझा तरी एवढा गैरसमज निघू दे, म्हणून लिहितोय. तू नापास झाली नव्हतीस. तुझी इंग्रजी तेव्हाही पक्की होती. गल्लीतल्या पोरांना शिकवायच्या आधी दर वेळी तू सांगतेस की माझी कच्चीच आहे, ते आता बंद कर. आमची जोया दोन सुट्ट्या तुझ्याकडे राहिली, ती आज कॉलेजात इंग्रजीत भाषण ठोकते. कच्च्या बाईची शागीर्द आहे का ती?

मला माफ कर. नाही करता आलं तर नको करूस. गहिनीनाथांच्या हाती चप्पल पाठवलीस तरी मी ती डोक्याला लावून घेईन. पण माझ्यावरच्या रागापायी विठ्ठलरावांना नाही म्हणू नकोस. त्यांना मी तुझा नंबर दिलाय. सोमवारी संध्याकाळी पाचला ते मार्सेलोला जोडून तुला फोन लावतील. त्याची इंग्रजी पडत-धडपडत चालते, तू सांभाळून घे. घाबरायचं काही कारण नाही, तोच तुला घाबरेल.

हो म्हणायचं की नाही, ते तुझं तू सांग. या वेळी फोन तुझ्या हातात वाजेल. मध्ये मी नाही.

तुला म्हणावंसं वाटलं तर तुझा भाईजान, नाहीतर नुसता,
कलीम