दोन्ही हात वर

११ जानेवारी १९७१
वेल्सहून पत्र! पाकिटावर पग हे आडनाव वाचलं आणि फाटकापाशीच पाकीट फोडलं. बाहेर उणे तीस, तरी तिथेच उभं राहून वाचलं.
नेस्टा पग. एम्रिसची बहीण. लिहिते – चौकशीत दादाचीच चूक ठरली, म्हणून गावच्या चर्चमधल्या फलकावर, लढाईत गेलेल्यांच्या यादीत, त्याचं नाव घेतलं नाही. आई पंच्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. "विमानात तुम्ही दोघंच होता. काय झालं ते तुम्हीच सांगू शकता."
हो, मीच. मेलेला काय सांगणार!

१२ जानेवारी
शाळेची बस. नेहमीसारखं प्रत्येक वळणावर मोठ्याने म्हणालो, "वळतोय!" मागून पोरं एका सुरात – "वळा, ट्वाइट आजोबा, वळा!" वीस वर्षांत पोरं बदलली, चेष्टा तीच. बोलल्याशिवाय हात हलतच नाही माझा. का, ते कुणी विचारलं नाही.

१५ जानेवारी
लिहूनच टाकतो. इथे कोण वाचतंय!
नोव्हेंबर १९४३. इथल्याच, कॅनडातल्या सस्कॅचवानच्या माळावरचा विमानदलाचा तळ. मी प्रशिक्षक, एम्रिस शिकाऊ, वय एकोणीस. शिकवणीचा पहिला नियम – विमान दुसऱ्याच्या हाती देताना तोंडाने म्हणायचं, "विमान तुझ्याकडे." त्याने म्हणायचं, "विमान माझ्याकडे, सर." मगच विमान वळवायचा दांडा सोडायचा. पण आधीच्या तळावरच्या विमानात आम्ही शेजारी-शेजारी बसायचो. तिथे आळशी झालो. बोलायचं कशाला? दोन्ही हात वर केले की पोरगा समजायचा. या तळावर येऊन जेमतेम आठवडा झाला होता. इथल्या विमानात शिकाऊ पुढे, मी मागे.
त्या सकाळी हात वर केले आणि गारठलेली बोटं चोळत बसलो. वळण सुरेख चाललं होतं. मनात म्हटलं, शाबास पोरा! त्यालाही वाटलं असेल, सर काय छान वळवतात. विमान कुणीच चालवत नव्हतं. खाली होतो, सावरायला उंची नव्हती. नाक खाली गेलं. "सर?" – एवढंच ऐकू आलं.
मी वाचलो. पाय कायमचा अधू. चौकशीत विचारलं, विमान कुणाच्या हाती होतं? "त्याच्या." सांगून दिलं होतंत? "हो. त्याने उत्तरही दिलं."
खोटं! सपशेल खोटं!

१६ जानेवारी
बायकोला, सिग्नेला, सांगितलं. लेफ्से, आमच्या बटाट्याच्या पोळ्या, करायला बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली. "आणि पंचवीस वर्षं माझ्यासमोर बसून निवांत जेवलास?"
मग सोललेले बटाटे पातेल्यात टाकत – "खरं लिही, हाल्वोर. अठ्ठावन्न वर्षांच्या लंगड्याला कोण फासावर देतंय आता? त्या म्हातारीला सुखाने डोळे मिटू दे."

२० जानेवारी
तीन कागद फाडले.

२४ जानेवारी
टाकलं पत्र.
इंजिन बंद पडलं, असं लिहिलं. एम्रिसने शेवटपर्यंत शर्थ केली, चूक कुणाचीच नव्हती. त्याचं नाव लागेल, म्हातारी शांत होईल. मग कुणाचं काय बिघडलं?
सिग्नेने विचारलं, "खरं लिहिलंस ना?"
"हो."
तिने गालावरून हात फिरवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हलकंही वाटलं, कशाला नाकारू!

९ फेब्रुवारी
उत्तर नाही. बरंच आहे.

१८ फेब्रुवारी
उत्तर आलं. मी बसवर होतो, सिग्नेने आधी वाचलं.
"इंजिन बंद पडलं म्हणता? दादाचं नाव फलकावर १९४६ पासून आहे. आई १९५८ साली गेली. अपघाताच्या आदल्या दिवशी दादाने लिहिलेलं पत्र माझ्याकडे आहे – 'नवे सर विमान हाती देताना बोलत नाहीत. आज विमान भरकटलं तर वर मलाच ओरडले, हात वर केले होते ना! मी पुढे बसतो, मला दिसणार कसे? उद्या धीर करून सांगतो.' तुम्ही खरं बोलता का, एवढंच बघायचं होतं."
आदल्या दिवसाचं मी या वहीतही लिहिलं नव्हतं.
पत्र टेबलावर उघडं आहे. सिग्ने बहिणीकडे गेली, तिची पेटी घेऊन.