खिडकीखालचा तेलाचा डाग

दादा,

वर जाऊ नकोस. सागवानी फळ्यांना अळशीच्या तेलाचा शेवटचा हात आत्ताच दिलाय, उद्यापर्यंत जमीन ओली राहील. तुझं अंथरूण खाली आणलंय. वरणभात झाकून ठेवलाय.

राजधानी इथून भोपाळला चालली, सरकारी बंगला परत करायचा, नव्या साहेबाला जमीन स्वच्छ दिसली पाहिजे, म्हणून खिडकीखालचा डाग काढायला तू मिस्त्रीला बजावलंस. कोणीतरी कंदील सांडला असेल, असंही म्हणालास. कंदील नव्हता. आईने प्राण सोडला त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवला होता. तो विझू नये म्हणून मी सारखं तेल घालत होते, ते फळीत मुरलं. तेव्हा तुझी कचेरी दरवर्षीसारखी उन्हाळ्यापुरती इंदूरला हलली होती. फायली लागल्याशिवाय निघता येत नाही, अशी तुझी तार आली. तू पोचलास तोवर तेराव्याची पानं मांडली होती आणि दिवा कधीच उचलला होता.

रेगमालाच्या खरखरीत कागदाने घासून घासून मिस्त्रीचे हात सोलवटले, डाग हलला नाही. शेवटी मीच म्हटलं, सगळ्या जमिनीला तेल पाजा. आता ती सगळीच त्या रंगाची झाली आहे. साहेब खूश होईल.

भोपाळचं माझं तिकीट काढू नकोस. इथल्याच बिर्लानगरच्या एका शाळेत नोकरी धरलीय, तिथेच खोली घेतलीय.

आईने नेमका कुठे प्राण सोडला, हे तू कधी विचारलं नाहीस. आता विचारलंस तरी मला ती जागा दाखवता येणार नाही.

सुलू